तयार आकडे, स्वतःची प्रश्नावली की मुलाखती? ऊसतोडीवर संशोधन करणाऱ्यांसाठी

गेल्या महिन्यात बीड जिल्ह्यातल्या धारूरकडची एक विद्यार्थिनी भेटली. पीएच.डी.चा विषय मंजूर झालेला: ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांचं आरोग्य. गाईडनी सांगितलं होतं, ‘३८४चं सॅम्पल घे आणि मोकळी हो.’ मैत्रीण म्हणत होती, सरकारी आकडे फुकट मिळतात, ते घे, उन्हातान्हात कशाला फिरतेस? आणि तिला स्वतःला त्या बायकांजवळ बसून बोलायचं होतं, कारण तिची मावशी वीस वर्षं तोडीला गेलेली. तिघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर होतं. पण पद्धत एकदा सिनॉप्सिसमध्ये गेली की पुढची तीन-चार वर्षं तिच्याशीच संसार करायचा असतो, म्हणून निवड आधी नीट व्हायला हवी.

आधी तयार आकड्यांचं बघू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९-२१ची. देशभरातली ६ लाख ३६ हजारांहून जास्त कुटुंबं आणि ७ लाख २४ हजार स्त्रिया त्यात आहेत. मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था हे काम बघते. गर्भाशय काढल्याचा प्रश्न त्यात थेट विचारलेला आहे, आणि २०१९मध्ये बीड जिल्ह्यातल्या याच शस्त्रक्रियांच्या बातम्या देशभर गाजल्या होत्या. त्यामुळे पहिल्यांदा वाटतं, आपला प्रबंध इथेच झाला. एकट्या विद्यार्थ्याला एवढा नमुना जन्मात गोळा करता येणार नाही. त्यात खर्च शून्य, आणि ‘आर’सारखं मोफत सॉफ्टवेअर तीन-चार महिन्यांत हाताखाली येतं. भारांक (प्रत्येक उत्तराला नमुन्यातल्या त्याच्या प्रमाणानुसार द्यायचं वजन) लावायला मात्र विसरू नका. ते न लावता काढलेले टक्के व्हायवाच्या दिवशी उघडे पडतात.

अडचण पुढे आहे. या आकड्यांत बीडची स्त्री सापडते, ऊसतोडीची स्त्री सापडत नाही. स्त्रीच्या व्यवसायाचा प्रश्न सगळ्या कुटुंबांत विचारलेलाच नाही, फक्त एका छोट्या उपनमुन्यात विचारला आहे. तिथेही ती शेतमजूर म्हणून नोंदली जाते. जिल्ह्याचा आकडा वर गेलेला दिसेल, पण त्यातल्या किती जणींनी फडात मोळ्या वाहिल्या हे सांगता येणार नाही.

स्थलांतराच्या आकड्यांचा घोळ आणखी खोल आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २००७-०८च्या ६४व्या फेरीत हंगामी स्थलांतरित कोणाला म्हणायचं? जो वर्षभरात कामासाठी एक महिना किंवा जास्त, पण सहा महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर राहिला त्याला. त्याआधीच्या ५५व्या फेरीत खालची मर्यादा ६० दिवसांची होती, म्हणजे दोन फेऱ्यांचे आकडे शेजारी ठेवून ‘स्थलांतर वाढलं’ असं सरळ म्हणता येत नाही. आता आपला कामगार बघा. दसरा-दिवाळीच्या सुमारास गाडी भरली आणि कारखान्याचा पट्टा मार्च-एप्रिलमध्ये पडला, म्हणजे हंगाम संपला, तर तो साडेपाच महिने बाहेर. हंगाम लांबला तर सव्वासहा. तोच माणूस, तोच कोयता, तेच काम; एका वर्षी तो व्याख्येत बसतो, दुसऱ्या वर्षी बाहेर पडतो. जनगणनेचं तर काय सांगावं! २०११ची गणना फेब्रुवारीत झाली आणि पुढची १ मार्च २०२७ या संदर्भ दिनांकाची आहे. फेब्रुवारीत वडवणी किंवा शिरूर कासारच्या एखाद्या वाडीत जाऊन बघा. दारांना कुलपं, ओट्यावर म्हातारी माणसं आणि त्यांच्याजवळ ठेवलेली नातवंडं.

म्हणून तयार आकडे हे प्रबंधाचं पहिलं प्रकरण म्हणून उत्तम. कारखानदारीच्या पट्ट्याशी जिल्ह्याची तुलना करायची असेल, पंधरा वर्षांतला कल दाखवायचा असेल, तर त्यांना पर्याय नाही. पण ‘ऊसतोड’ हा शब्द तुमच्या शीर्षकात असेल तर फक्त त्यांच्यावर उभं राहू नका.

दुसरा रस्ता प्रश्नावलीचा. इथे आधी त्या ३८४ची गाठ सोडवू, कारण महाराष्ट्रातल्या निम्म्या सिनॉप्सिसमध्ये तो आकडा मंत्रासारखा लिहिलेला मी पाहिला आहे. १.९६चा वर्ग, गुणिले ०.२५, भागिले ०.०५चा वर्ग, एवढंच ते गणित. ९५ टक्के विश्वासपातळी आणि ५ टक्के चूक धरली की ३८४ येतात. पण हे तेव्हाच खरं, जेव्हा प्रत्येक कामगाराचं नाव एका यादीत आहे आणि तुम्ही चिठ्ठ्या टाकून नावं काढता. प्रत्यक्षात तुम्ही पाच-सहा तळांवर, म्हणजे कामगारांच्या मुक्कामाच्या जागांवर, जाता आणि तिथल्या कोप्यांमधून (झोपड्यांमधून) माणसं घेता. एका तळावरची माणसं एका गावची, एका मुकादमाची (मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराची), बहुतेकदा एकमेकांच्या नात्यातली. त्यांची उत्तरं सारखी येतात. त्यामुळे नमुना दुप्पट करावा लागणं ही नेहमीची गोष्ट आहे. ३८४चे ७६८ होतात.

आणि यादी कुठून आणणार? सगळ्यात सोपा मार्ग मुकादमाचा. तो एका दुपारी पन्नास माणसं बसवून देईल. ती पन्नास माणसं उचलीबद्दल (हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ रकमेबद्दल), खाड्याबद्दल (काम बुडवल्याच्या दिवसाबद्दल आणि त्याच्या दंडाबद्दल), मारहाणीबद्दल काय बोलतील याचा विचार करा. त्यापेक्षा गाव निवडावं, ग्रामपंचायतीत ऊसतोड कामगारांच्या ओळखपत्रांची नोंद असेल ती बघावी, आशाताईंना बरोबर घेऊन घरोघर फिरून आपली यादी करावी. आठवडा जास्त जातो, पण परीक्षकासमोर मान वर राहते.

प्रश्नांच्या शब्दांवर मी मुद्दाम थांबते, कारण माझं स्वतःचं काम तिथे अडलं होतं. आम्ही चाचणी म्हणून केज तालुक्यातल्या एका गावात वीस फॉर्म भरले. प्रश्न होता, ‘तुमचं ऑपरेशन झालं आहे का?’ जवळजवळ सगळ्यांनी ‘हो’ म्हटलं. मी हादरले. संध्याकाळी एका बाईंच्या ओट्यावर चहा घेताना सहज विचारलं, तर त्या म्हणाल्या, ‘अगं, ऑपरेशन म्हंजी पोरं बंद करायचं. तू ते पिशवीचं इचारतीस व्हय? पिशवी नाही काढली माझी.’ वीसच्या वीस फॉर्म त्या रात्री बाद केले. पुढच्या फॉर्ममध्ये दोन वेगळे प्रश्न आले, एकात ‘ऑपरेशन’ आणि दुसऱ्यात ‘पिशवी काढणं’, म्हणजे गर्भाशय काढणं. ‘कुटुंबात कमावते किती?’ याचंही तसंच. उत्तर येतं, ‘एक कोयता.’ तो एक कोयता म्हणजे नवरा-बायको, दोन माणसं. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. हे माहीत नसलेला सर्वेक्षक रकान्यात ‘१’ लिहितो आणि बाईचं काम त्या क्षणी कागदावरून पुसलं जातं. ‘पूर्णतः सहमत’पासून ‘पूर्णतः असहमत’पर्यंतच्या पाच पायऱ्या तर या माणसांसमोर मांडूच नयेत. ‘तुम्ही म्हणाल तसं लिवा’ हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलं आहे की तो प्रकारच सोडून दिला.

वेळेचा हिशोबही स्वच्छ करून ठेवा. दिवसाला आठ फॉर्म नीट होतात. ४०० फॉर्मना ५० दिवस. माणसं पाडव्याच्या आगेमागे परततात, जूनमध्ये पेरणीला लागतात, मधला अख्खा मे लग्नांचा. म्हणजे एकट्याने ४०० जेमतेम, ७६८ अशक्य. दोन-तीन साथीदार आणि त्यांचं मानधन धरावं लागेल. फॉर्म कागदाऐवजी ‘कोबो टूलबॉक्स’वर घ्या. देवनागरीत चालतं, रेंज नसली तरी भरता येतं, आणि रात्री आकडे उतरवत बसावं लागत नाही.

तिसरा रस्ता मुलाखतींचा. हा सोपा आहे असं समजून पुष्कळ जण निवडतात, आणि मग रेकॉर्डिंगखाली दबून जातात. पंचवीस मुलाखती, दीड-दीड तासाच्या, म्हणजे साडेसदतीस तास. एक तास ऐकून उतरवायला सहा तास धरले तर सव्वादोनशे तास नुसतं टायपिंग. त्यात मागे ट्रॅक्टर, रडणारं मूल, बोली मराठवाड्याची. लगेच इंग्रजीत उतरवायचा मोह होतो, तो टाळा. ‘उचल अंगावर फिरली’ याचं तुम्ही ‘कर्ज शिल्लक राहिलं’ असं केलंत की त्यातली पुढच्या हंगामाची सक्ती निघून गेली. विश्लेषण मराठीत करा, भाषांतर फक्त उद्धृत करायच्या ओळींचं.

पण जे मिळतं ते दुसऱ्या कुठल्या मार्गाने मिळत नाही. पाळीच्या दिवसांत मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारी बाई खाडा का करत नाही, पिशवी काढायचं कोण सुचवतं, त्यासाठीचे पैसे कोण देतं आणि ते कोणाच्या उचलीत धरले जातात, ही साखळी प्रश्नावलीच्या चौकटीत बसत नाही. वाढे (उसाचे हिरवे शेंडे) विकून आलेले पैसे कोणाच्या हातात राहतात हेसुद्धा मला मुलाखतीतच कळलं. माझ्या फॉर्ममध्ये तो रकानाच नव्हता.

‘फक्त पंचवीस माणसांवरून निष्कर्ष कसा काढला?’ हे परीक्षक विचारतातच. उत्तर तयार ठेवा: टक्केवारी काढलेली नाही, प्रक्रिया दाखवली आहे. सारख्या परिस्थितीतल्या लोकांच्या बारा-पंधरा मुलाखतींनंतर नवं निघणं पुष्कळ कमी होतं. पण डोकी सेंटर (मोळ्या डोक्यावरून ट्रकपर्यंत वाहणारे), बैलगाडीवाले आणि टायरगाडीवाले यांना एकत्र मोजू नका. त्यांचं जगणं वेगळं आहे, प्रत्येकातून पुरेशी माणसं हवीत.

संमतीचा विषय तिन्हींत सारखा नाही. तयार आकड्यांत नावं नसतात, काळजी कमी. बाकी दोन्हींत संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आधी घ्या आणि आरोग्याचा विषय असेल तर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं वाचा. मुलाखतीत धोका सर्वांत जास्त: गाव लहान, मुकादम एकच, आणि ‘तीन मुलींची आई, डावा हात मोडलेला’ एवढ्यावरूनही बाई ओळखू येते. पिशवीबद्दलचा एकही प्रश्न नवऱ्यासमोर किंवा मुकादमासमोर विचारू नका, फॉर्म अर्धा राहिला तरी चालेल.

कॅलेंडर मात्र कोणासाठी थांबत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान तीन आणि साधारण सहा वर्षं, कोर्सवर्क धरून. कोर्सवर्क, संशोधन सल्लागार समिती, नैतिकता समिती हे सगळं होईपर्यंत एक हंगाम जातो. दुसरा चुकवलात तर वर्ष गेलं. तळावर जाऊन गाठू म्हणाल, तर बाया पहाटे चारला उठलेल्या असतात आणि गाडी रात्री कधीही भरायला येते. तळ बघायला जरूर जा, चार दिवस राहा, पण सविस्तर बोलणं गावी परतल्यावरच होतं.

माझं मत विचाराल तर असं. प्रश्न ‘किती’चा असेल आणि हाताशी साथीदार, पैसे असतील तर प्रश्नावली, पण त्याआधी दहा मुलाखती, शब्द सापडण्यासाठी. प्रश्न ‘कसं’ आणि ‘का’चा असेल, माणूस एकटा असेल, तर मुलाखती आणि पार्श्वभूमीला तयार आकडे. नोकरी सांभाळून करताय, गावी महिनाभर राहणं शक्य नाही, तर तयार आकड्यांवरच करा आणि शीर्षकातून ‘ऊसतोड’ काढून ‘बीड जिल्हा’ घाला. तो प्रामाणिक प्रबंध होईल. थोडं हे थोडं ते, १०० फॉर्म आणि पाच मुलाखती, असं मात्र करू नका. १०० फॉर्मवरून ‘किती’ सांगता येत नाही आणि पाच मुलाखतींतून ‘कसं’ पुरतं उलगडत नाही.

धारूरच्या विद्यार्थिनीने मुलाखती घ्यायचं ठरवलं आहे. गाईडना तिने ३८४चं गणित कागदावर करून दाखवलं, त्यांनी ते मान्य केलं. तिच्या वहीतला पहिला प्रश्न आधी ‘आपला व्यवसाय काय?’ असा होता. मावशीला विचारून तिने तो बदलला. आता तिथे लिहिलंय, ‘यंदा कोयता कुणासंगं लावला होता?’