माईसानचे दगडी मनोरे : जाण्याजोगे, पण सवडीने

दक्षिण कोरियातील जिनानजवळ माईसान डोंगराच्या कुशीत थाप्सा या बौद्ध मंदिराच्या आवारात सुमारे 80 दगडी मनोरे उभे असून, यी गाप-योंग या साधकाने ते चुना-मातीविना रचले, असे सांगतात. वाटेवरच्या सोनांग या ग्रामरक्षक देवतेच्या दगडांच्या राशीवर वाटसरूने एक दगड ठेवून मागणे मागावे, या जुन्या लोकश्रद्धेची आठवण इथे पावलोपावली होते, कारण कपारीकपारीत भाविकांनी बोटभर उंचीच्या चळती रचलेल्या आहेत. वरच्या अंगाला असलेल्या चोंजीथाप या जोडमनोऱ्यांची सांधेजोड जवळून न्याहाळावी. आमच्या सहल कंपनीने मात्र छायाचित्रांपुरताच वेळ दिला आणि अशा लोकश्रद्धांशी जोडलेल्या मुदांग, म्हणजे कोरियन देवऋषीण, हिच्याविषयी चकार शब्द काढला नाही. तेव्हा स्वतंत्रपणे जाणेच श्रेयस्कर.