एप्सन पर्फेक्शन व्ही६००: घरातले जुने फोटो आणि कात्रणं यांसाठी कसा आहे?

घराण्याचा इतिहास जुळवायला बसलेल्या माणसाला सुबक चित्र नको असतं, पुरावा हवा असतो. फोटोच्या कोपऱ्यातला स्टुडिओचा उठावाचा शिक्का, मागे शाईने लिहिलेलं नाव, कात्रणाच्या कडेला अर्धवट राहिलेली तारीख, हे सगळं स्कॅनमध्ये उतरायला हवं. या कसोटीवर व्ही६०० हा आजही फार कामाचा स्कॅनर आहे. मात्र खोक्यावरच्या ६४०० डीपीआयच्या (दर इंचात टिपलेल्या ठिपक्यांच्या) आकड्यावर भाळून तो घेऊ नका.

त्याची खरी ताकद सीसीडी सेन्सरमध्ये, म्हणजे भिंगातून चित्र टिपणाऱ्या भागात आहे. एप्सनच्याच व्ही३९ सारख्या चपट्या, यूएसबीवरच चालणाऱ्या स्कॅनरमध्ये सीआयएस प्रकारचा सेन्सर असतो. तो काचेला टेकलेलीच गोष्ट स्वच्छ टिपतो. कागद मिलिमीटरभर वर उचललेला असला तरी तेवढा भाग धूसर होतो. जुने फोटो तर वाकलेलेच असतात, जाड पुठ्ठ्यावर डकवलेले असतात. सीसीडीला अशी उंची थोडीफार चालते. फ्रेमच्या काचेलाच चिकटून बसलेला फोटो ओढून काढू नका, काढताना चित्राचा थर काचेवरच राहतो. फ्रेम सोडवा आणि फोटो काचेसकट उपडा ठेवून स्कॅन करा.

‘एप्सन स्कॅन’ हे सॉफ्टवेअर उघडलं की आधी ‘प्रोफेशनल मोड’ घ्या आणि ‘अनशार्प मास्क’ बंद करा. तो आपोआप चालू असतो आणि चेहऱ्यांच्या कडांना कृत्रिम धार आणतो. धूळ काढणं, रंग सुधारणं वगैरे पर्यायही बंद ठेवा. ती कामं नंतर प्रतीवर करता येतात. फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीतच करा. जुन्या कृष्णधवल प्रिंटच्या गडद भागांवर निळसर चंदेरी चकाकी चढलेली असते, कुठे तपकिरी डाग असतात. रंगीत स्कॅनमधला फक्त लाल चॅनेल (चित्रातला लाल रंगाचा थर) फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून पाहिलात तर दोन्ही बरेच फिके पडतात. निळ्या चॅनेलचं उलट: फोटोच्या मागची उडालेली तपकिरी शाई तिथे गडद दिसते आणि नुसत्या डोळ्यांना न लागणारी अक्षरं कित्येकदा वाचता येतात. ग्रेस्केल, म्हणजे नुसत्या करड्या छटांत स्कॅन केलेत की ही सोय कायमची गेली. म्हणून प्रत्येक फोटोची मागची बाजूही रंगीत स्कॅन करा, ती कोरी वाटली तरी.

साध्या प्रिंटला ६०० डीपीआय पुरतात. ६ × ४ इंचाच्या फोटोची ३६०० × २४०० पिक्सेलची फाइल होते. टिफ या फाइल-प्रकारात २४-बिट रंगखोलीला सुमारे २६ एमबी, ४८-बिटला त्याच्या दुप्पट. पासपोर्ट आकाराचा फोटो किंवा बारीक चेहऱ्यांचा समूहफोटो असेल तर १२०० घ्या. निगेटिव्हसाठी २४०० ते ३२००. त्यापुढे तपशील जवळपास वाढत नाही, फाइल मात्र फुगते.

निगेटिव्ह लावताना झाकणातली पांढरी पाटी काढायची आणि फिल्मची चकचकीत बाजू खाली ठेवायची. होल्डरच्या वरच्या टोकाची मोकळी खाच झाकू नका. स्कॅनर तिथून प्रकाश मोजतो, ती झाकली गेली की रंग बिघडतात. ‘डिजिटल आइस’ची धूळ काढण्याची करामत रंगीत निगेटिव्हवर उत्तम चालते, पण कृष्णधवल निगेटिव्हवर ती अजिबात वापरू नका. ती अवरक्त किरणांनी धूळ ओळखते, आणि कृष्णधवल फिल्ममधली चांदी हे किरण अडवते. मग स्कॅनर चित्रालाच धूळ समजून पुसायला लागतो. होल्डर तकलादू आहे, वळलेली फिल्म त्यात सरळ बसत नाही. दोन-तीन दिवस जड पुस्तकाखाली दाबून मग लावा. आणखी एक मोठी मर्यादा आहे. झाकणातली प्रकाशाची खिडकी जेमतेम २.७ × ९.५ इंचाची आहे. १२० फिल्म (जुन्या कॅमेऱ्यांची रुंद रोल फिल्म) त्यात मावते, पण ४ × ५ इंचाची काचेची निगेटिव्ह मावत नाही. तशा काचा घरात असतील तर मोठी खिडकी असलेल्या एप्सनच्याच व्ही८५० कडे वळा.

वर्तमानपत्राचा कागद पातळ असतो, पाठीमागचा मजकूर पुढे दिसतो. कात्रणामागे काळा कागद ठेवला की हा त्रास जवळजवळ मिटतो. पाठ मात्र वेगळी स्कॅन कराच. तारीख कापली गेलेली असली तरी मागच्या जाहिराती, सिनेमांची यादी किंवा सामन्याचा निकाल यावरून महिना-वर्ष ठरवता येतं. छापील फोटो ठिपक्यांचे असतात, म्हणून १५०-२०० डीपीआयला त्यावर लाटांसारखी नक्षी उमटते. ६०० वर स्कॅन करून नंतर लहान करा. चेहरा मोठा करून पाहायचा मोह इथे आवरावा. ठिपक्यांच्या पलीकडे कागदावरच काही नाही. कात्रण काचेपेक्षा मोठं असेल तर ते न फिरवता, नुसतं सरकवून दोन भागांत घ्या आणि दोन्हींत पाव भाग सारखा येऊ द्या. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. कात्रणं फोटोंना लागून ठेवू नका. त्या कागदातलं आम्ल फोटोवर उतरतं.

मजकूर शोधता यावा म्हणून टेसरॅक्ट हे मोफत ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर काढणारं सॉफ्टवेअर) चालवता येतं, त्यात मराठी आहे. जुन्या खिळ्यांच्या छपाईत ते ध-घ, भ-म, ब-व यांत घोटाळे करतं. तेव्हा आडनावं आणि गावांची नावं मूळ कात्रणाशी ताडून हाताने दुरुस्त करा. मशीनने काढलेला मजकूर आणि तपासलेला मजकूर वेगवेगळ्या फाइलींत ठेवा, आणि फोटोची पुढची बाजू, मागची बाजू व मजकूर या सगळ्यांच्या नावात एकच क्रमांक द्या.