सेमिस्टर की शिबिर? वारसा-जतन शिकायला युरोपात जाताना

नाशिकमध्ये आर्किटेक्चर करताना जुन्या वास्तूंचा नाद लागला, की चौथ्या वर्षाच्या आसपास दोन वाटा खुणावतात. इरॅस्मस प्लससारख्या (युरोपियन युनियनच्या विद्यार्थी-देवाणघेवाणीच्या) योजनेतून युरोपातल्या विद्यापीठात एक सेमिस्टर काढायचं, नाहीतर उन्हाळ्यात तिकडच्या एखाद्या जीर्णोद्धार शिबिरात दोनेक आठवडे हात मळवून यायचं. मी शिबिराला गेलो, माझ्या बॅचमधली एक मैत्रीण सेमिस्टरला गेली. आम्ही अजूनही यावरून वाद घालतो, त्यामुळे दुसरी बाजूही बऱ्यापैकी पाठ आहे.

पैशाचं आधी उरकून घेऊ. इरॅस्मस प्लसमध्ये तिकडची फी माफ असते आणि प्रवासाला, राहण्या-खाण्याला अनुदान मिळतं. अट एकच, आपल्या कॉलेजचा त्या विद्यापीठाशी करार हवा. तो आहे का, हे वेबसाइटवरच्या फोटोंवरून ठरवू नका, ऑफिसात जाऊन विचारा. शिबिराला विमानाचं तिकीट आपल्या खिशातून, वर थोडी फी. घरी हे सांगताना मला जरा घाम फुटला होता. निव्वळ हिशोबात सेमिस्टर जिंकतं, यात वाद नाही.

माझं घोडं अडलं ते कॅलेंडरवर. आपली एक टर्म साधारण जुलै ते नोव्हेंबर, दुसरी डिसेंबर-जानेवारी ते मे. जर्मनीत हिवाळी सेमिस्टर ऑक्टोबरला सुरू होतं, वर्ग फेब्रुवारीपर्यंत चालतात, उन्हाळी सेमिस्टर एप्रिलला सुरू होतं. म्हणजे कुठलंही घेतलं तरी तिकडचं एक सेमिस्टर इकडच्या दोन टर्मांवर आडवं पडतं. तिकडून 30 क्रेडिट घेऊन या, इथला परीक्षा विभाग विचारणार की इथल्या सबमिशनचं काय? मी याच प्रश्नाचं उत्तर मागत बराच काळ या टेबलावरून त्या टेबलावर फिरलो. तोंडी सगळे ‘होऊन जाईल’ म्हणायचे, कागदावर कुणी लिहून देईना. मैत्रिणीने धाडस केलं. परत आल्यावर ज्युनिअर मुलांबरोबर एटीकेटीचे पेपर देत बसली. ती म्हणते, त्यात काय एवढं. मला ते जमलं नसतं.

त्यात हिवाळ्याची आणखी एक मेख आहे. जुन्या वास्तूंची दुरुस्ती चुन्यात करतात, आणि ओल्या चुन्यातलं पाणी गोठलं की गिलावा भुसभुशीत होऊन सुटतो, म्हणून थंड देशांत बाहेरचं चुन्याचं काम कडाक्याच्या थंडीत बंद असतं. म्हणजे हिवाळी सेमिस्टरला गेलेल्या मुलाने चुना पाहायचा तो प्रयोगशाळेत.

प्रयोगशाळेला मी कमी लेखत नाही. मैत्रीण आता गिलाव्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यात वाळू कसली, मागाहून सिमेंट थापलंय का, हे सांगते. भिंतीतले क्षार ओळखणं, लेझर स्कॅनिंग, अहवाल लिहिण्याची शिस्त, यातलं काही दोन आठवड्यांच्या शिबिरात मिळत नाही. पुढे संशोधनात जायचं असेल तर तिचीच वाट धरा.

मी गेलो तो रोमानियात, क्लुजजवळच्या बोन्त्सिदा गावी. तिथली बान्फी घराण्याची गढी 1944 मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने जाळली, पुढे कित्येक वर्षं ती पडझडीत राहिली. 2001 पासून तीच इमारत दुरुस्त करत करत तिथे मुलांना शिकवतात. या प्रशिक्षणाला 2008 मध्ये वारसा-जतनासाठीचा युरोपा नोस्त्रा पुरस्कारही मिळाला. (त्याच आवारात उन्हाळ्यात मोठा संगीत महोत्सव होतो. तारखा बघून जा, नाहीतर राहण्याची पंचाईत.) फ्रान्समध्ये जायचं असेल तर रांपार ही 1966 पासूनची संघटना अशीच शिबिरं भरवते.

शिबिरात व्याख्यानं थोडी, काम फार. हातमोजा फाटला की चुना हात खातो, हे पुस्तकात वाचून कळत नाही. सांध्यातलं जुनं सिमेंट दगडाची कड न उडवता काढायला किती वेळ लागतो, ताजा गिलावा गोणपाटाने ओला का ठेवायचा, हे हाताला कळावं लागतं. आपल्याकडे उन्हात तो आणखी लवकर सुकतो, म्हणून हे शिक्षण इथे लगेच कामी येतं. जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या भिंतींवर सिमेंटचे पोपडे धरलेले दिसतात. ओल आत कोंडते आणि शेवटी वीटच झडते. अशा वाड्यात गवंडीमामांना ‘सिमेंट नको’ म्हणायचं, तर पुढचा प्रश्न येतोच, ‘मग काय, ते करून दाखवा.’ मी दाखवू शकतो, इतकंच.

शिबिरं बहुतेक जुलै-ऑगस्टमध्ये असतात, तेव्हा आपली टर्म नुकती सुरू झालेली असते. दोन आठवड्यांची हजेरी भरून निघते. आमच्या सरांनी थोडी कुरकुर केली, मग सही दिली. व्हिसाही कमी मुदतीचा लागतो, कागद त्यामानाने थोडे.

तुमच्या कॉलेजने क्रेडिट धरण्याचं आधीच लेखी दिलं, तर माझा मुख्य आक्षेप गळून पडतो. मग सेमिस्टरचा विचार जरूर करा, पण एप्रिलचं घ्या. तेवढं पत्र हातात नसेल, तर मी शिबिराचाच अर्ज भरेन, आणि 2027 च्या सिंहस्थासाठी घाटांवर कामं चालू आहेत तोवर परत येऊन तिथे कुणाच्या हाताखाली उभं राहता येतं का ते बघेन.