औषधांच्या दुकानाचा फोन फायबरवर नेला: पावसाळा, गणपती, दिवाळी उलटल्यानंतरचा अनुभव

निकाल आधीच सांगते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायला नको. आवाजाची काळजी करू नका. विजेची आणि नंबराची करा. आम्हाला झालेला बहुतेक त्रास या दोन गोष्टींपायी.

पार्ले पूर्वेला आमचं औषधांचं दुकान आहे. गिऱ्हाईक बहुतेक साठीच्या पुढचं. मुलं परदेशात नाहीतर पुण्या-बेंगळुरूला, बीपी-शुगरच्या गोळ्या दर महिन्याला त्याच, आणि दुकानाचा आठ आकडी नंबर तोंडपाठ. बाबा, म्हणजे माझे सासरे, म्हणतात की दुकानाची पाटी बदलली तरी चालेल, नंबर बदलता कामा नये. त्यामुळे तांब्याच्या वायरवरचा लँडलाईन सोडायचा विषय घरात कायम पुढे ढकलला जायचा. शेवटी रस्त्याच्या काँक्रीटीकरणानेच तो मार्गी लावला. खणताना केबल तुटायची, जोडली की पावसात सांध्यात पाणी जायचं, आणि रिसीव्हर उचलला की नुसती खरखर.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येईल, असं आम्ही गृहीत धरलं होतं. मोबाईलला ती सोय जानेवारी २०११ पासून देशभर आहे. लँडलाईनला नाही. तुमच्या जुन्याच कंपनीचं फायबर तुमच्या इमारतीपर्यंत आलं असेल, तर नंबर राखता येतो का, हे सगळ्यात आधी तिथे विचारा. आमच्या गल्लीत ते नव्हतं. नव्या कंपनीने नवा नंबर दिला. पुढे ०२२ तेच, पण २ ऐवजी ४ ने सुरू होणारा. बाबा दोन दिवस गप्प होते.

तोडगा निघाला तो ओळखीतल्या एका निवृत्त केबल जॉइंटर (टेलिफोनच्या वायरी सांधणाऱ्या) काकांमुळे. त्यांनी एका वाक्यात सांगितलं, "वायर मेली तरी नंबर मरत नाही, नंबर एक्स्चेंजमध्ये राहतो." म्हणजे असं, की जुन्या नंबरावर कायमचा कॉल डायव्हर्ट लावला, की येणारा फोन एक्स्चेंजमधूनच परस्पर नव्या नंबरावर वळतो. एक्स्चेंज ते दुकान ही तांब्याची वायर त्यात लागतच नाही. ती तुटलेली असो, भिजलेली असो, फोन वाजतो. फक्त डायव्हर्ट लावायचा तो जुनी लाईन जिवंत असताना, नाहीतर अर्ज-विनंत्या करत बसावं लागतं. आणि अशा वळवलेल्या कॉलचे पैसे तुमच्या प्लॅनमध्ये कसे लागतात ते आधी विचारून घ्या. जुन्या लाईनचं भाडं आम्ही अजून भरतो. एका जादा बिलाचा खर्च आहे, पण रोजच्या ऑर्डरी बघता तो काहीच नाही. एकच खोट: कधी कधी फोन करणाऱ्याचा नंबर न दिसता आमचाच जुना नंबर स्क्रीनवर झळकतो, मग कोण बोलतंय ते विचारावं लागतं.

उलट दिशेची अडचण मात्र आमच्या लक्षातच आली नव्हती. आम्ही कोणाला फोन केला की समोर नवा नंबर उमटतो, आणि मुंबईत अनोळखी ०२२ चा फोन म्हणजे कर्ज नाहीतर क्रेडिट कार्ड, असं लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. "काकू, इन्सुलिन आलंय" हे सांगायला फोन करावा, तर काकू कट करणार. सुरुवातीला मी सरळ माझ्या मोबाईलवरून करायचे. मग प्रत्येक बिलावर नव्या नंबराचा शिक्का मारायला लागलो, आणि घरपोच औषध द्यायला जाणारा आमचा मुलगा ज्येष्ठांच्या मोबाईलमध्ये दुकानाच्या नावाने नंबर सेव्ह करून द्यायला लागला. याला वेळ लागतो. दिवाळीपर्यंत बरेच लोक उचलायला लागले.

या सगळ्यात एक फायदा अनपेक्षित मिळाला. व्हॉट्सॲप बिझनेसला लँडलाईन नंबर चालतो. पडताळणीचा कोड एसेमेसऐवजी फोन करून मागवायचा, मशीन आकडे वाचून दाखवतं. नंबर टाकताना ०२२ मधला सुरुवातीचा शून्य गाळायचा, एवढंच. आम्ही जुना नंबर नोंदवला. डायव्हर्टमुळे कोडचा फोन नव्या लाईनवर आला. आता डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो लोक त्याच जुन्या नंबरावर टाकतात. फोनवर नाव ऐकून औषध काढण्यात गफलत व्हायची भीती असते, एकसारख्या उच्चाराची नावं कमी का आहेत? चिठ्ठी डोळ्यांसमोर असली की तो प्रश्नच उरत नाही.

आता वीज. तांब्याच्या लाईनला फोन चालवण्याइतकी वीज एक्स्चेंजमधूनच येते, सुमारे ४८ व्होल्ट, आणि तिथे बॅटऱ्या असतात. म्हणून १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईचा वीजपुरवठा ठप्प झाला, लोकल उभ्या राहिल्या, तेव्हाही आमच्या काउंटरवरचा फोन वाजत होता. फायबर म्हणजे काचेचा तंतू, त्यातून वीज येत नाही. तो दुकानात ज्या डब्याला (मोडेमला) जोडलेला असतो, तो डबा बंद पडला की फोनही बंद. उपाय स्वस्त आहे: राउटरसाठीचा छोटा यूपीएस, दोनेक हजारांच्या आतबाहेर. घेताना डब्याच्या ॲडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या. आमचा १२ व्होल्टचा आहे आणि तीनेक तास आरामात निघतात. कॉर्डलेस फोन असेल तर त्याचा बेसही याच बॅकअपवर पाहिजे. आम्ही काउंटरवर साधा वायरचा फोन ठेवलाय.

पण नुसता आपला डबा चालू राहून भागत नाही. कनेक्शन घेण्याआधी कंपनीच्या माणसाला हा एक प्रश्न विचाराच: फायबर थेट माझ्या दुकानात येणार, की जिन्याखालच्या नाहीतर गच्चीवरच्या स्विचपर्यंतच (कनेक्शन वाटून देणारा, विजेवर चालणारा डबा), आणि पुढे नेटवर्कची केबल? थेट येत असेल तर वाटेतल्या स्प्लिटरला (एका तंतूच्या अनेक शाखा करणाऱ्या जोडणीला) वीज लागत नाही. स्विच असेल तर सोसायटीच्या मीटरचा फ्यूज उडाला की तुमचा यूपीएस असून नसल्यासारखा. शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे दुसऱ्या प्रकारचं कनेक्शन आहे. पावसाळ्यात इमारतीची लाईट गेली की त्याचा फोन जायचा, आमचा चालू असायचा.

फायबरचंही दुखणं आहे, फक्त वेगळं. या गच्चीवरून त्या गच्चीवर टाकलेल्या वायरी. पावसाळ्याआधी झाडांच्या फांद्या छाटताना आमची एकदा गेली. गणपतीत मोठी मूर्ती गल्लीतून नेताना मंडळाची पोरं बांबूने वायरी वर उचलतात, त्यात पुन्हा एकदा. डब्यावर लाल दिवा लुकलुकायला लागला की समजायचं, तंतू तुटला. तेव्हा डबा बंद-चालू करत बसू नये, सरळ तक्रार नोंदवावी. सांधणारा माणूस मशीन घेऊन आला की काम पटकन होतं, यायलाच वेळ लावतो. आमच्याकडे एकदा पूर्ण शनिवार गेला. आणि तांब्याची लाईन मरायच्या आधी खरखरून इशारा तरी द्यायची, ही दिव्यासारखी एकदम विझते.

आवाजाबद्दल थोडक्यात. एका कॉलला सेकंदाला शंभर किलोबिटसुद्धा लागत नाहीत, त्यामुळे महागडा स्पीड फोनसाठी घेऊ नका. आमच्या डब्यात फोनचं पोर्ट वेगळं आहे आणि कंपनी आवाजाची वाट वेगळी राखते. माझा मुलगा गेम डाउनलोड करत असला तरी फोनवर फरक पडत नाही. खरखर इतकी गेली की एका आजोबांनी विचारलं, "दुकानाच्या आतल्या खोलीतून बोलतेयस का गं?" कंपनीचं मोबाईलवरचं ॲप मात्र वेगळं प्रकरण आहे. दुकान बंद असताना दुकानाचा नंबर घरी वाजतो ही सोय चांगली, पण ते वायफायवर चालतं आणि स्वयंपाकघरात सिग्नल पातळ झाला की शब्द गिळतं. रात्री कोणी घाबऱ्या आवाजात औषध विचारत असताना ते परवडत नाही. मी अशा वेळी नंबर घेऊन मोबाईलवरून उलट फोन करते.

वरच्या मजल्यावर घरी पॅरलल फोन आहे, तोही याच डब्यावर चालला. मात्र भिंतीतल्या जुन्या वायरिंगला डबा जोडण्याआधी बाहेरून येणारी तांब्याची लाईन सोडवून घ्या, दोन्हीकडचा करंट एकत्र येता कामा नये. बाबांचा आकडे फिरवायचा काळा फोन वाजतो, त्यावर बोलताही येतं, फक्त डायल होत नाही. बिल दुकानाच्या नावाने आणि जीएसटी नंबर टाकून मागा, १८ टक्के कराचं क्रेडिट मिळतं. घरच्या नावाने घेतलेल्या कनेक्शनवर ते सोडून द्यावं लागतं.

एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांच्या घरी हे लावू का, असं गिऱ्हाइकं मला विचारतात. तांब्याची लाईन नीट चालत असेल तर ती राहू द्या, असंच मी सांगते. बंदच पडली असेल तर फायबर घ्या, पण यूपीएस त्याच दिवशी लावून घ्या आणि चार्ज केलेला साधा बटणांचा मोबाईल उशाशी ठेवा.