हायड्रा मशीन आणि पील : सांगलीतल्या दोन बेडच्या पार्लरमध्ये १० महिने वापरून

मागच्या श्रावणात हायड्रा मशीन, म्हणजे पाण्याने आणि व्हॅक्युमने चेहरा साफ करणारं, घेतलं, आता अधिक ज्येष्ठ लागलाय, लग्नं थांबलीत, दुपारी जरा निवांत वेळ मिळतोय म्हणून बसून लिहितेय. घ्यायच्या आधी मी पण असं कोणीतरी लिहिलेलं शोधत होते पण जे मिळालं ते सगळं विकणाऱ्यांचंच, पहिल्या सिटिंगमध्ये ग्लो, दोन महिन्यांत पैसे वसूल वगैरे. त्यामुळे जे झालं ते सगळं सांगते, चांगलं पण आणि माझ्या हातून जे चुकलं ते पण.

माझं पार्लर विश्रामबागला, दोन बेड, मी आणि हाताखाली एक मुलगी. १४ वर्षं झाली. क्लीनअप, फ्रूट फेशियल, ब्लीच, ब्रायडल हे सगळं आधीपासून चालू होतं पण दोनेक वर्षांपासून कॉलेजच्या मुली येऊन विचारायला लागल्या, ताई हायड्रा करता का, आणि नाही म्हटलं की थ्रेडिंग करून निघून जायच्या आणि फेशियल कोल्हापूरला करून यायच्या. म्हणून घेतलं. एक गोष्ट आधीच सांगते, हायड्राफेशियल हे एका अमेरिकन कंपनीचं स्वतःचं ब्रँडनेम आहे आणि त्यांचं ओरिजिनल मशीन आपल्यासारख्या छोट्या पार्लरच्या आवाक्यातलं नाही, आपण सगळ्याजणी घेतो ते सेव्हन इन वन म्हणून मिळणारं चायनीज मशीन, तत्त्व तेच पण नाव ते लावू नये. मी बोर्डावर 'हायड्रा क्लीनिंग' एवढंच लिहिलंय.

मला ते ४६ हजार अधिक १८% जीएसटीला पडलं. माझा धंदा २० लाखांच्या आतला, जीएसटी नंबर नाही, त्यामुळे तो टॅक्स खिशातूनच गेला समजा. २२ सप्टेंबर २०२५ पासून पार्लरच्या सर्व्हिसवरचा जीएसटी १८ चा ५ टक्के झाला तेव्हा बऱ्याच कस्टमर म्हणाल्या आता रेट कमी करा, त्यांना समजावून सांगावं लागलं की मी आधीही बिलात टॅक्स लावत नव्हतेच.

आता मशीनबद्दल. सात हँडपीस आहेत पण खरं काम एकाच्याच जोरावर चालतं, तो म्हणजे पाण्याचा, पेनासारखा, पुढे प्लास्टिकची टिप बसते, एका बाजूने सोल्युशन येतं आणि त्याच वेळी व्हॅक्युम ते आत ओढून घेतं, म्हणजे मृत त्वचा नि तेल निघतं पण कोरडं घासलं जात नाही. तीन बाटल्या असतात, पहिलीत सौम्य ॲसिड, दुसरीत सॅलिसिलिक, ते तेलात विरघळतं म्हणून नाकाच्या आणि हनुवटीच्या छिद्रांत जातं, तिसरीत हायल्युरॉनिकचं पाणी, ते त्वचेत ओलावा धरतं. उरलेल्यातला थंड हातोडा मी रोज वापरते, शेवटी दोन मिनिटं फिरवला की लाली बसते आणि कस्टमरला पण छान वाटतं. अल्ट्रासाउंड कधीतरी. लिफ्टिंगचा जो आरएफ (रेडिओ लहरींनी त्वचेला ऊब देणारा) म्हणून दिलाय तो मी गुंडाळून ठेवलाय, चार महिने मन लावून करून बघितलं, फोटो काढून ठेवले, मला तरी फरक दिसला नाही त्यामुळे त्याचे पैसे मी कोणाकडूनच घेत नाही.

व्हॅक्युमचा कंट्रोल मात्र नीट शिका. डेमोला आलेल्या मुलाने फुल ठेवून दाखवलं होतं आणि मी पण पहिल्या आठवड्यात तसंच केलं, एका काकूंच्या गालावर लाल रेघा उठल्या त्या चार दिवस राहिल्या. आता मी आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघते, निम्म्याच्या खाली ठेवते, एका हाताने त्वचा ताणून धरायची आणि टिप एका जागी थांबू द्यायची नाही, डोळ्यांच्या खाली तर जायचंच नाही.

आणि पाणी! आमच्याकडे बोअरचं पाणी येतं, क्षारांचं, मी धुवायला तेच वापरत होते, तिसऱ्या महिन्यात पाइपला आतून पांढरं धरलं आणि ओढ कमी झाली. मेकॅनिक म्हणाला पंप गेला, ८ हजार. मग आमच्या इन्व्हर्टरवाल्यानेच उघडून बघितलं तर फिल्टरचा कापूस भिजून घट्ट झाला होता आणि पाइप चोंदला होता, बस. तेव्हापासून डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आणते, प्रत्येक कस्टमर झाली की एक कप त्यातून ओढते, घाणीची बाटली पाऊण भरायच्या आत रिकामी करते कारण ती वर आली की पाणी सरळ पंपात जातं. टिप प्रत्येकीला नवीन. ह्यात काटकसर करू नका, एकीच्या मुरमाचं पू दुसरीच्या तोंडावर नको.

ती घाण पाण्याची बाटली दाखवून बऱ्याच ठिकाणी म्हणतात बघा किती टॉक्सिन निघाले. मी नाही सांगत तसं. त्यात मेकअप, सनस्क्रीन, तेल, मृत त्वचा आणि आपलंच सोल्युशन असतं. नाकावरचे ते बारीक करडे ठिपके पण बऱ्याचदा ब्लॅकहेड नसतात, त्वचेचं नेहमीचं तेल असतं ते, महिनाभरात परत भरतं, हे मी आधीच सांगते म्हणजे नंतर ताई परत आलं की असं होत नाही.

रिझल्ट म्हणाल तर तेलकट त्वचा, टॅनने निस्तेज झालेला चेहरा, बारीक पुरळ ह्यांना खरंच छान, त्याच दिवशी फरक दिसतो आणि आठवडाभर तरी टिकतो. वांगाला काही नाही. हे ठळक लिहा कुठेतरी. वांग असलेल्या बायका सगळ्यात जास्त आशेने येतात, बाळंतपणानंतर आलेले, उन्हात काम करणाऱ्या, चुलीपुढे भट्टीपुढे उभं राहणाऱ्या, आणि त्यांना सहा सिटिंगचं पॅकेज विकणं सगळ्यात सोपं आहे. मी पहिल्या दोन महिन्यांत दोघींना विकलं, वांग तसंच राहिलं, मला फार वाईट वाटलं, उरलेल्या सिटिंगचे पैसे परत दिले.

मग पील, म्हणजे ॲसिड लावून वरची मृत त्वचा काढणं. मशीनबरोबर सप्लायरने ग्लायकोलिकची एक बाटली दिली होती, वर ७०% आणि एक इंग्लिश बाईचा फोटो, बाकी पीएच (ॲसिड किती तीव्र ते सांगणारा आकडा, जितका कमी तितकं तीव्र) नाही, आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नाही, रजिस्ट्रेशन नंबर नाही. कॉस्मेटिक्स रूल्स २०२० प्रमाणे बाहेरून आलेल्या मालावर ते नाव-पत्ता आणि नंबर असावेच लागतात. ती मी टाकून दिली. ग्लायकोलिक म्हणजे उसात सापडणारं ॲसिड, आमच्या भागात सगळीकडे ऊसच त्यामुळे कस्टमरना ऐकून ते घरचं वाटतं, पण बाटलीतलं कारखान्यात केमिकलपासून बनतं आणि त्याचा रेणू ह्या सगळ्या ॲसिडांत सगळ्यात लहान म्हणून भराभर आत जातं. अमेरिकेतल्या कॉस्मेटिक तपासणी पॅनेलने १९९८ मध्येच सांगून ठेवलंय की घरगुती वापरात १०% पर्यंत आणि पीएच ३.५ च्या खाली नको, पार्लरमध्ये शिकलेल्या माणसाने ३०% पर्यंत, पीएच ३ च्या खाली नको, थोडाच वेळ ठेवायचं आणि पूर्ण धुवायचं. ७०% हे डॉक्टरचं काम. बाटलीवर नुसता टक्का बघून काही कळत नाही, पीएच लिहिलेला हवाच.

हे सगळं मला माहीत असूनही जे झालं ते सांगते.

नोव्हेंबरमध्ये एक मुलगी आली, वय २३ असेल, साखरपुडा तीन आठवड्यांवर. मी विचारलं काही लावतेस का, म्हणाली नाही ताई फक्त एक नाइट क्रीम. मी पुढे विचारलं नाही. पॅच टेस्ट पण घाईत राहून गेली, दोन जणी बाहेर बसल्या होत्या. ३०% ग्लायकोलिक लावलं आणि मिनिटभरात ती म्हणाली खूप आग होतेय, बघितलं तर एका गालावर पांढरट डाग उठायला लागला होता. लगेच न्यूट्रलाइझ केलं, गार पाण्याचे पॅड, पण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. तिसऱ्या दिवशी तिथे रुपयाएवढा तपकिरी चट्टा. नाइट क्रीम म्हणजे मेडिकलमधून आणलेली ती तिहेरी ट्यूब निघाली, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन म्हणजे स्टेरॉइड, शेजारणीने सांगितलं म्हणून सात महिने रोज लावत होती. त्वचा आधीच पातळ झालेली. २०१८ मध्ये सरकारने अशा १४ स्टेरॉइडची मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत म्हणून, तरी सर्रास मिळतात.

मी तिच्याबरोबर स्किनच्या डॉक्टरांकडे गेले, फी मी दिली, तिच्या आईशी बसून बोलले. चट्टा जायला चार महिने लागले आणि साखरपुड्याच्या फोटोत तो आहे. त्या माउलीने मला एक वाकडा शब्द बोलला नाही आणि ते मला जास्त लागलं. डॉक्टर मॅडमनी मला समजावलं की आपली त्वचा गव्हाळ ते सावळी, फिट्झपॅट्रिकच्या स्केलवर (गोऱ्यापासून काळ्यापर्यंत त्वचेचे एक ते सहा नंबर) बहुतेक चार-पाच नंबरची, तिला जरा भाजलं-खरचटलं की ती रंग जास्त तयार करते, गोऱ्या त्वचेवर जे नुसतं लाल होऊन जातं ते आपल्यावर काळं होऊन बसतं. सगळं विदेशी ट्रेनिंग बघून शिकलेल्या आपण, ही एक गोष्ट मनावर कोरून घ्यायला हवी होती मी.

तेव्हापासून वही केलीय. पहिल्या भेटीत पील नाहीच. दहा मिनिटं फक्त विचारणं, आणि 'क्रीम लावता का' असं नाही विचारत, घरातल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून आणायला सांगते किंवा फोटो पाठवायला सांगते, एवढ्यानेच निम्मं कळतं. दिवस गेलेत का, तोंडाला जर (ओठांवरचे तापाचे फोड) येतात का, मुरमांच्या गोळ्या चालू आहेत का, ॲस्पिरिनची ॲलर्जी आहे का (असेल तर सॅलिसिलिक नाही), पेसमेकर आहे का. रेटिनॉल असेल तर आठवडाभर आधी बंद. स्टेरॉइडची ट्यूब निघाली तर मी हातच लावत नाही, आणि लगेच बंद कर असंही सांगत नाही कारण एकदम सोडलं की चेहरा पेटतो, लाल होऊन मुरमं भरतात, डॉक्टरकडेच पाठवते. ह्या १० महिन्यांत १७ जणी पाठवल्या. त्यातल्या सहा परत माझ्याकडे आल्या क्लीनअपला, म्हणजे गिऱ्हाईक जातं ही भीती धरायचं कारण नाही.

पीलमध्ये आता मी जास्त करून मॅन्डेलिक वापरते, कडू बदामातलं ॲसिड, रेणू मोठा म्हणून हळू जातं, आपल्या रंगाला सोसतं. कानामागे पॅच टेस्ट, दोन दिवस थांबायचं, मग पहिल्यांदा दोनच मिनिटं. दोन सिटिंगमध्ये तीन ते चार आठवड्यांचं अंतर. मुरमांचे काळे डाग ह्याने चौथ्या सिटिंगला खरंच फिके झालेत, माझ्याकडे फोटो आहेत, त्याच खिडकीपाशी त्याच वेळी काढलेले.

पण त्याच फोटोंत एक गोष्ट इतकी स्पष्ट दिसते की काय सांगू, ज्या सनस्क्रीन लावतात त्यांचेच डाग गेलेत. बाकीच्यांचे तिथेच. सगळ्या म्हणतात लावते की ताई. आता मी विचारते ट्यूब किती दिवस पुरते. चेहरा-मानेला दोन बोटं भरून म्हणजे साधारण ग्रॅमभर लागतं, मग दिवसातून एकदाच लावलं तरी ५० ग्रॅमची ट्यूब दीड-दोन महिन्यांत संपायला हवी, आणि बायकांची वर्षभर चालते! एवढुशा थेंबाने काय होणार. स्कूटीवर स्कार्फ बांधते म्हणून लागत नाही असंही म्हणतात, स्कार्फ बांधाच पण आत लावा. १२०० रुपयांची सिटिंग घेऊन ४०० ची सनस्क्रीन न घेणाऱ्या कस्टमरला मी आता पीलला नाहीच म्हणते, आधी ट्यूब संपवून दाखवा.

नवऱ्या मुलींसाठी माझा नियम असा, शेवटचं पील लग्नाच्या महिनाभर आधी, हायड्रा आठ दिवस आधी, त्यानंतर नवीन काहीही नाही. पील झालेल्या चेहऱ्यावर हळद चढली तर काय आग होते ते एकदा बघितलंय. हळदीचं गाव आमचं, इथे हळद तरी कोणी कमी लावत नाही.

पैशाचं सांगायचं तर एका हायड्राला सोल्युशन, टिप, मास्क, डिस्टिल्ड पाणी धरून २२० च्या आसपास खर्च येतो, वेळ ५० मिनिटं, मी १२०० घेते. मशीनचे पैसे निघायला मला सातवा महिना उजाडला, तोही लग्नसराई होती म्हणून. महिन्याला १०-१२ हायड्रा होतील अशी खात्री नसेल तर घेऊ नका, चांगलं स्टीमर आणि हाताने नीट केलेलं क्लीनअप अजूनही वाईट नाही. घेतलंच तर ज्याच्याकडे फिल्टर, पाइप, टिप सुट्या मिळतात अशाच माणसाकडून घ्या, वॉरंटीच्या कार्डापेक्षा त्याचा उपयोग होतो.

मागच्या आठवड्यात सप्लायरचा फोन होता, चौदा इन वन आलंय, जुनं देऊन नवीन घ्या, वर ३५ हजार. नको म्हटलं. त्या पैशात माझ्याकडच्या मुलीला स्किनच्या कोर्सला घालतेय, १ जुलैपासून बॅच आहे, तोपर्यंत तिला वहीतले प्रश्न पाठ करायला लावलेत.