क्रॅव्हथ घ्यावा की बेकर? डेडबॉल काळातली दोन कार्डं

जुन्या मोसमांची स्ट्रॅट-ओ-मॅटिक लीग (खऱ्या खेळाडूंच्या आकड्यांवरून बनवलेली कार्डं आणि फासे घेऊन खेळायचा बेसबॉलचा खेळ) लावताना ताकदवान बॅटर शोधायला बसलं, की दोन कार्डांपाशी हात थांबतो. एक फिलाडेल्फिया फिलीजच्या गॅव्ही क्रॅव्हथचं, 1915 चं. दुसरं त्याच शहरातल्या ॲथलेटिक्सच्या फ्रँक बेकरचं, 1912 चं. एकच घ्यायचं असेल तर कोणतं?

आधी हा डेडबॉल काळ लक्षात घ्या. एकच चेंडू मळून, मऊ पडेपर्यंत वापरला जायचा आणि होमरन (बॅटरने एकाच फटक्यात सगळे बेस फिरून काढलेली धाव, बहुधा चेंडू भिंतीपलीकडे टाकून) ही दुर्मीळ गोष्ट होती. बेकरने 1912 मध्ये 10 होमरन मारले आणि तेवढ्यावर तो अमेरिकन लीगमध्ये ट्रिस स्पीकरच्या जोडीने पहिला आला. क्रॅव्हथचे 1915 मधले 24 होमरन विसाव्या शतकातला विक्रम ठरले. तो मोडायला बेब रूथला 1919 साल उजाडावं लागलं.

हे आकडे कार्डावर कसे उतरतात? पांढरा फासा 1 ते 3 पडला तर बॅटरचं कार्ड वाचायचं, 4 ते 6 पडला तर पिचरचं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचं. उरलेल्या दोन फाशांची बेरीज ओळ ठरवते. तीन फाशांचे एकूण 216 मेळ होतात, त्यातले 108 बॅटरच्या कार्डावर. क्रॅव्हथचं होमरनचं प्रमाण या हिशेबात मांडलं तर 216 मध्ये साधारण 8 होमरन येतात, बेकरचे 3 ते 4. त्या काळातल्या पिचरच्या कार्डावर होमरन जवळजवळ नसतोच, म्हणून हा भार बॅटरच्या कार्डालाच उचलावा लागतो. नुसत्या होमरनवर पाहिलं तर क्रॅव्हथ दुपटीहून भारी.

पण ते होमरन कुठे मारले होते, हे पाहिल्याशिवाय कार्ड उचलू नये. फिलीजच्या बेकर बोलमध्ये राइट फील्डची (बॅटरच्या उजव्या हाताची) भिंत अवघ्या 280 फुटांच्या आसपास होती. (मैदानाच्या नावाचा फ्रँक बेकरशी संबंध नाही, ते संघमालक विल्यम बेकर यांचं नाव.) क्रॅव्हथ उजव्या हाताचा बॅटर, अशांचे जोरदार फटके सहसा डावीकडे जातात, तरी तो चेंडू त्या उलट्या बाजूच्या भिंतीपलीकडे टाकायचा. 1914 मधले त्याचे सगळे 19 होमरन घरच्या मैदानावरचे; 1915 मध्ये 24 पैकी फक्त 5 बाहेरचे.

साध्या नियमांत कार्ड मैदान बघत नाही, त्यामुळे क्रॅव्हथ बाहेरगावीही तितकाच धोकादायक राहतो. प्रत्यक्षात त्याला न मिळालेलं बळ तुम्हाला फुकट मिळतं. अशी लीग असेल तर तो खुशाल घ्या. मैदानाचे नियम लावले की काही होमरन वीस बाजूंच्या फाशावर ठरतात, आणि प्रत्येक मैदानाला डावखुऱ्या नि उजव्या बॅटरसाठी वेगळे आकडे असतात. तेव्हा क्रॅव्हथला उजव्यांचाच आकडा लागू होतो, राइट फील्डची भिंत कितीही जवळ असली तरी. आपल्या घरच्या मैदानाचा उजव्यांचा आकडा कमी असेल तर त्याला घेण्यात अर्थ नाही.

बेकरचं कार्ड मैदानावर इतकं अवलंबून नाही. .347 सरासरी, 200 हिट (बेसवर पोचवणारे फटके), त्यात 40 डबल (दोन बेसचे) आणि 21 ट्रिपल (तीन बेसचे), शिवाय 40 चोरलेले बेस. क्रॅव्हथची सरासरी .285, पण त्याला 86 वॉक (पिचरच्या चुकलेल्या चेंडूंमुळे फुकट मिळणारा पहिला बेस) मिळाले होते, म्हणून बेसवर पोचण्यात दोघे फारसे लांब नाहीत: बेकर .404, क्रॅव्हथ .393. स्लगिंगमध्ये (फटक्यांतून दर संधीला सरासरी किती बेस मिळाले, त्या आकड्यात) मात्र होमरन कमी असूनही बेकरच पुढे, .541 विरुद्ध .510. शिवाय तो थर्ड बेसवर खेळतो. तिथे दमदार बॅटर मिळणं कठीण, क्रॅव्हथच्या आउटफील्डला तुलनेने सोपं.

एपीबीए हा असाच दुसरा कार्ड-फाशांचा खेळ खेळत असाल तर हिशेब थोडा बदलतो. तिथे चांगल्या श्रेणीचा पिचर बॅटरच्या बऱ्याच सिंगल (एका बेसचे हिट) अडवतो, होमरनचा आकडा मात्र तसाच लागतो. समोर ए, म्हणजे चांगल्या श्रेणीचे पिचर जास्त असतील तर क्रॅव्हथचं पारडं जड होतं, कारण बेकरच्या 200 हिटांतल्या 129 सिंगल आहेत आणि नेमक्या त्याच कापल्या जातात.

सगळ्या काळांचे खेळाडू एकत्र असलेल्या, मैदानांचे नियम पाळणाऱ्या लीगमध्ये मी बेकरच घेईन आणि त्याला तिसऱ्या क्रमांकावर खेळवेन. क्रॅव्हथ मिळालाच तर चौथ्यावर ठेवा, पण त्याच्यापुढे वॉक काढणारे दोन बॅटर आधी गाठा. बेस रिकामे असताना आलेला होमरन एकाच धावेचा.