कलेचा इतिहास शिकवताना चित्रं कुठून घ्यायची?

कलेच्या इतिहासाचा पेपर पहिल्यांदाच हाती आलेल्या एका मैत्रिणीने विचारलं, "एकच ठिकाण धरायचं तर कोणतं?" भारतीय लघुचित्रं शिकवायची असतील, तर माझं उत्तर ठरलेलं आहे: क्लीव्हलंड म्युझियम ऑफ आर्ट. दुसरा क्रमांक न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमचा, म्हणजे मेटचा.

मेटने २०१७ मध्ये आणि क्लीव्हलंडने २०१९ मध्ये स्वामित्वहक्क संपलेल्या कृतींच्या प्रतिमा सगळ्यांसाठी खुल्या केल्या. परवानगी मागावी लागत नाही, पैसे पडत नाहीत. मोठी फाइल घरून पेनड्राइव्हवर आणली की ऐन तासाला नेट गेलं तरी काही अडत नाही. शिवाय प्रत्येक चित्राखाली माध्यम, काळ आणि माप दिलेलं असतं. हे माप मला फार मोलाचं वाटतं, कारण प्रोजेक्टरवर सगळंच भिंतीएवढं दिसतं. क्लीव्हलंडकडच्या अकबरकालीन 'तूतीनामा'चं, म्हणजे पोपटाने सांगितलेल्या गोष्टींच्या सचित्र पोथीचं पान दाखवलं, तेव्हा माझ्या वर्गाला ते भित्तिचित्र वाटलं होतं. पुढच्या तासाला साधारण २० बाय १४ सेंटिमीटरचा पुठ्ठा कापून नेला आणि बाकांवरून फिरवला. एका मुलीने तो हातात धरून पुन्हा पडद्याकडे पाहिलं. खारीच्या केसांचा कुंचला कशाला लागायचा, हे मग वेगळं सांगावं लागलं नाही.

गुगल आर्ट्स अँड कल्चर या संकेतस्थळाची ताकद वेगळी. २०११ मध्ये १७ संग्रहालयांना घेऊन ते सुरू झालं. व्हॅन गॉगच्या 'स्टारी नाइट'मधला रंगाचा थर तिथे इतक्या जवळून दिसतो, की त्याला तोड नाही. पण ती मोठी प्रतिमा उतरवून घेता येत नाही, म्हणून वर्गात भरवशाचं नेट असेल तरच त्यावर तास बेता.

आपल्याकडच्या 'म्युझियम्स ऑफ इंडिया' या सरकारी संकेतस्थळावर दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय, हैदराबादचं सालारजंग, जुन्या गोव्यातलं पुरातत्त्व संग्रहालय अशांच्या नोंदी एकत्र मिळतात. त्यामागची 'जतन' ही संगणकप्रणाली पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेची. मी तिथून स्वाध्याय देते: एक वस्तू निवडा, नोंद वाचा, वर्णन स्वतःच्या शब्दांत लिहा. पडद्यासाठी घेणार असाल तर फोटोचा आकार आधी बघून घ्या.

आर्टस्टोर हा कलाप्रतिमांचा ऑनलाइन संग्रह सशुल्क आहे आणि २०२४ पासून तो जेस्टोर या संशोधनलेखांच्या ऑनलाइन ग्रंथालयातच सामावला आहे. कॉलेजकडे जेस्टोर असेल तर त्यात प्रतिमा येतात का, हे ग्रंथपालांना विचारा. नुसत्या पदवीच्या वर्गासाठी मी प्राचार्यांकडे त्याचे पैसे मागणार नाही. पदव्युत्तर विभाग असेल तर जरूर मागेन, कारण चित्र आणि त्यावरचे लेख एकाच जागी मिळतात.

एक मात्र कळकळीने सांगते, सर्चमध्ये पहिलं आलेलं चित्र उचलू नका. डच चित्रकार व्हर्मेरच्या दूध ओतणाऱ्या बाईच्या चित्राच्या पिवळट प्रती नेटवर इतक्या पसरल्या होत्या, की लोकांना ते चित्र जिथे आहे त्या अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या दुकानातल्या पोस्टकार्डांचेच रंग खोटे वाटू लागले. शेवटी संग्रहालयाने स्वतःची चांगली प्रतिमा खुली केली.

आधुनिक भारतीय चित्रकारांचं गणित निराळं. आपल्या कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. अमृता शेरगिल १९४१ मध्ये गेल्या, त्यांची चित्रं मोकळी आहेत. चित्रकार सय्यद हैदर रझा २०१६ मध्ये गेले. त्यांची चित्रं वर्गात शिकवताना दाखवायला कायद्याची आडकाठी नाही, पण तीच स्लाइड यूट्यूबवर चढवण्याआधी परवानगी घ्या.